‘तुमची आयडिया थेट आर अँड डी हेडच्या टेबलावर’ : २,४७,८०० रुपयांना पडलेलं वाक्य

कुपवाड एमआयडीसीत माझं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. हाताला कायम वॉर्निश नि ग्रीस, त्यामुळे फोन उचलायची बोंब. त्यावर मी एक जुगाड केला. बॅक कव्हरला आतून चिकटवलेला सेन्सर, थोडं कोडिंग पुतण्याकडून. नेमकं काय ते इथे सांगणार नाही, आता तेवढंच हातात उरलंय. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, हे मोठ्या फोन कंपनीनं घ्यायला पाहिजे. घ्यायला पाहिजे, पण सांगायचं कुणाला? कंपनीला मेल केला की मशीनचं उत्तर येतं. अशात ‘तुमची आयडिया मोठ्या कंपनीपर्यंत पोचवतो’ अशा एका जाहिरातीखाली नंबर टाकला आणि ‘सर’ ‘सर’ करत फोन सुरू झाले.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. ‘इव्हॅल्युएशन रिपोर्ट’ ११,८००. ‘वर्ल्ड पेटंट फायलिंग’ ५९,०००. ‘आर अँड डी हेडसमोर प्रेझेंटेशन स्लॉट’, म्हणजे फोन कंपनीच्या संशोधन प्रमुखापुढे आयडिया मांडायची वेळ, १,७७,०००. सगळं १८ टक्के जीएसटी धरून, म्हणजे लुटीवरही टॅक्स!

फोनवरचा माणूस बोलायला पक्का. रॉबर्ट कर्न्सची गोष्ट त्यानं मला अशी रंगवून सांगितली की अंगावर काटा आला: थांबून थांबून चालणारा वायपर या प्राध्यापकानं काढला, फोर्डनं ढापला आणि १९९० साली एक कोटी डॉलरच्या वर मोजले. हे खरंच आहे. कर्न्सकडे मंजूर झालेली पेटंटं होती आणि तो १९७८ पासून कोर्टात भांडत होता, हे मात्र त्यानं गाळलं.

वर्ल्ड पेटंट नावाची वस्तूच जगात नाही. पीसीटी नावाचा आंतरराष्ट्रीय अर्ज असतो, पण पेटंट शेवटी प्रत्येक देशात वेगळंच घ्यावं लागतं. माझ्या नावावर यांनी भरला तो साधा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता अर्ज. एकट्या माणसाला त्याची ऑनलाइन सरकारी फी १,६०० रुपये. माझ्या बिलावर ‘गव्हर्नमेंट फी’ ४२,०००! त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिल्याचं धरतात. ते यांनी दिलंच नाही. सरकारी पावती मागा. बिल नव्हे, पावती.

आता जे आठवलं की आजही डोकं भणभणतं ते. बिलावर पत्ता पुण्याचा, बाणेरचा. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे ०७. अहो, मी दर महिन्याला रिटर्न भरतो. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. ०७ म्हणजे दिल्ली. तो आकडा मी पाहिला, त्यावर बोट ठेवलं, आणि मनात म्हटलं, हेड ऑफिस तिकडं असेल! नंतर पोर्टलवर टाकला तर नंबर रद्द झालेला, धंदा फर्निचरचा. दोन मिनिटांचं काम होतं. पण त्याच दिवशी ‘स्लॉट कन्फर्म’ असा मेल आला होता, वर त्या मोठ्या फोन कंपनीचा लोगो. त्या वेळी तुम्हीही तेच केलं असतं. अमेरिकेतले शिकलेसवरलेले फसले, माझं काय घेऊन बसलात! मियामीच्या वर्ल्ड पेटंट मार्केटिंग नावाच्या कंपनीनं हेच करून लोकांचे जवळपास २.६ कोटी डॉलर बुडवले.

फरक एवढाच की तिथे २०१७ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेनं त्यांना कोर्टात खेचलं. आमच्याकडे पोलीस स्टेशनात पहिला प्रश्न, “पैसे तुम्हीच दिले ना? मग हा दिवाणी मामला.” सायबरला जा म्हणाले. सायबरवाल्यांनी विचारलं, “ओटीपी दिला होता? लिंक दाबली होती?” नाही म्हटलं. “मग यात सायबर काय आहे शेट?” परत पोलीस स्टेशन. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तर म्हणे लगेच करायला हवा होता, आता खात्यात काही नसणार. लगेच कसा करणार, महिनोन्महिने मी प्रेझेंटेशनची तारीख विचारत होतो! आर्थिक गुन्हे शाखेला अडीच लाख म्हणजे चिल्लर. पेटंट ऑफिसातून उत्तर मिळालं, हा माणूस आमच्या रजिस्टरवर पेटंट एजंट (दुसऱ्याच्या वतीनं पेटंटचं काम करणारा) म्हणून नाहीच, तेव्हा आम्ही काय करणार? अहो, रजिस्टरवर नसताना एजंटगिरी करायला पेटंट कायद्याच्या कलम १२९ नं बंदी आहे, तीच तर तक्रार आहे! लेखी द्या म्हणाले. दिलं. पोच मिळाली, बाकी काही नाही.

एजंटांची यादी पेटंट ऑफिसच्या साइटवर कुणालाही बघता येते. आधी बघा.

बऱ्याच मोठ्या कंपन्या बाहेरच्याची आयडिया ऐकतच नाहीत, उद्या कोर्टात ‘माझी चोरली’ म्हणून कुणी उभं राहू नये म्हणून. ॲपलनं तर जाहीर लिहून ठेवलंय: न मागितलेल्या कल्पना आम्ही घेत नाही, तरी पाठवलीत तर ती मोबदल्याविना आमची. मग ‘स्लॉट’ कुठून येणार? जे दार भिंतीत नाहीच, त्याची किल्ली विकत होते. पदरमोड न करता पेटंटचं बघायचं असेल तर गांधीनगरच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनला लिहा. ते माझ्यासारख्या डिग्री नसलेल्यांसाठीच आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. बाणेरच्या पत्त्यावरची नोटीस परत आली.

आणि परवा नव्या कंपनीच्या नावानं फोन आला. आवाज तोच. “सर, तुमची केस रिव्हाइव्ह होऊ शकते, फक्त २३,६००.” हा आकडा कानावर पडला तर बोलत बसू नका, नंबर लिहून घ्या आणि मला कळवा.