ग्रीसचा गोल्डन व्हिसा: पुण्याच्या एजन्सीला दीड तारा, अथेन्सच्या वकीलबाईंना पाच

ग्रीसमध्ये ठरावीक रकमेचं घर घ्यायचं आणि त्यावर तिथे राहायचा परवाना मिळवायचा, हा गोल्डन व्हिसा. तो आम्ही पुण्याच्या एका एजन्सीमार्फत काढायला घेतला. त्या एजन्सीकडून परवा मेसेज आला, "मॅडम, दोन ओळी छान लिहा ना." सोबत पाच पिवळे तारे आधीच रंगवून. दोन ओळींत माझं भागत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

दीड तारा दिलाय. त्यातला एक त्यांच्या ऑफिसातल्या त्या मुलीचा, जिनं आमच्या लग्नाच्या दाखल्यावर अपोस्टिलचा (दाखला परदेशात चालावा म्हणून लागणारा) शिक्का पंधरा दिवसांत आणून दिला. लग्न १९८९ चं, दाखला हातानं लिहिलेला, तरी तिनं कुरकुर केली नाही. उरलेला अर्धा तारा सेमिनारमधल्या बाकलाव्याचा, म्हणजे तिकडच्या मिठाईचा.

सेमिनार ऑगस्ट २०२४ मधला, पंचतारांकित हॉटेलातला. वाकडची वडिलोपार्जित जमीन नुकतीच विकली होती, लेक नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला नोकरीत स्थिरावली होती, त्यामुळे आम्ही अगदी तयार गिऱ्हाईक. मंचावरचा गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाला, "३१ ऑगस्टला दार बंद." त्यात खोटं काही नव्हतं. १ सप्टेंबरपासून अथेन्ससकट सगळा अटिका प्रांत, थेसालोनिकी, मिकोनोस, सँटोरिनी आणि ३,१०० च्या वर वस्ती असलेली बेटं इथली किमान रक्कम ८ लाख युरो झाली आणि उरलेल्या ग्रीसमध्ये ४ लाख. दोन्हीकडे १२० चौरस मीटरचं एकच घर घ्यायची अट. पण जुनं ऑफिस, दुकान किंवा कारखाना राहण्याजोगा करून घेतला, नाहीतर वारसा म्हणून नोंदलेली इमारत दुरुस्त करून घेतली, तर अडीच लाखांचं दार उघडंच राहणार होतं. हे त्यानं त्या दिवशी सांगितलं नाही. सप्टेंबरात फोन करून सांगितलं, "मॅडम, नवीन स्कीम आलीय!"

सल्ल्याची फी घेत नाहीत, हे त्यांच्या पत्रकावर ठळक छापलंय. पैसे घर विकणाऱ्याकडून येतात, हे कुठेच छापलेलं नाही. दोन्हीकडे जेवणारा लग्नातला मध्यस्थ परवडला, हा फक्त मुलाकडच्यांकडे जेवतो आणि मुलीकडच्यांना सल्ला देतो.

जानेवारी २०२५ मध्ये अथेन्सला गेलो. पहिल्या दिवशी ग्लिफाडाला समुद्रासमोर जेवण. घरं मात्र दुसऱ्या दिवशी, तीही समुद्रासमोर नाहीत. रस्त्यांच्या कडेला संत्र्यांनी लगडलेली झाडं होती. आमच्या ह्यांनी एक तोडून फोड तोंडात टाकली आणि तोंड असं केलं की ड्रायव्हर हसायला लागला. ती कडू संत्री, कुणी खात नाही, मुरंबा करतात.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातलं तिसरं घर बरं वाटलं. पूर्वी जहाजांना सामान पुरवणाऱ्याचं ऑफिस होतं म्हणे. दुसरा मजला, पूर्वेची खिडकी, मेट्रो चालत आठ मिनिटं. माहितीपत्रकात ४६ चौरस मीटर. ह्यांच्या खिशात मापाचा टेप असतो, लग्नकार्यातही असतो. एजंटचा माणूस फोनवर बोलत होता तेवढ्यात आम्ही दोघांनी माप घेतलं. मी टोक धरलं, ह्यांनी आकडे लिहिले. साडेएकेचाळीस भरलं. विचारलं तर म्हणे, "सर, त्यात कॉमन एरिया धरलाय." म्हटलं, सुपर बिल्ट-अप इथेही आलं का!

आता भाव कमी करा म्हणणार, तर या बाजारात ती सोयच नाही. किमान रक्कम अडीच लाख, म्हणजे दोन लाख चाळीस हजारांना घर मिळालं तर परवाना मिळत नाही. त्यामुळे आम्हाला दाखवलेलं प्रत्येक घर, ३५ मीटरचं असो की ५२ चं, रस्त्यावरचं असो की मागच्या बोळातलं, बरोब्बर अडीच लाखांचं. आयुष्यात कोथिंबिरीची जुडीसुद्धा भाव न करता घेतली नाही आणि इथे घरासाठी गप्प बसले. बऱ्याच वादावादीनंतर दोन एसी आणि ओट्यावर मिक्सरसाठी जास्तीचं सॉकेट पदरात पडलं. तुम्ही जाणार असाल तर किमतीवर वेळ घालवू नका, सामान मागा.

एजन्सीनं सुचवलेला वकील बिल्डरचंही काम बघत होता. म्हणून लेकीच्या एका ग्रीक सहकाऱ्याच्या ओळखीनं आम्ही स्वतंत्र वकीलबाई गाठल्या. त्यांचा पहिला प्रश्न, "तुम्हाला हे कशासाठी हवंय?" म्हटलं, मुलीकडे वर्षातले सात-आठ महिने राहायचंय. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ग्रीसच्या परवान्याच्या कार्डावर ग्रीसमध्ये कितीही राहा, अजिबात नाही राहिलात तरी चालतं. पण नेदरलँड्ससकट बाकीच्या शेंगेन देशांत (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत) १८० दिवसांत ९० दिवसच. तेवढे तर साध्या पर्यटक व्हिसावरही मिळतात, आणि एप्रिल २०२४ पासून भारतीयांचे तीन वर्षांत दोन व्हिसा नीट वापरून झाले असतील तर पुढचा दोन वर्षांचा आणि त्यानंतर पाच वर्षांचा मिळायची सोय झालीय. फी ९० युरो.

सेमिनारच्या पडद्यावर "संपूर्ण युरोप तुमचा" असं होतं. मी फोटो काढून ठेवलाय.

बाकीचंही बाईंनी भराभर सांगून टाकलं. या कार्डावर ग्रीसमध्ये पगारी नोकरी करता येत नाही. नागरिकत्वासाठी सात वर्षं खरोखर तिथे राहून ग्रीक भाषेची आणि इतिहासाची परीक्षा द्यावी लागते. घर एअरबीएनबीवर (पर्यटकांना दिवसावर भाड्यानं द्यायच्या साइटवर) चढवलंत तर ५०,००० युरो दंड आणि परवाना रद्द. माहितीपत्रकातला आठ टक्के परतावा मात्र एअरबीएनबीच्याच हिशेबानं मांडलेला. सरळ लांब मुदतीच्या करारानं भाडेकरू ठेवता येतो, त्याचं निम्मंही सुटत नाही.

मग घेतलं कशाला? टोकन भरून झालं होतं हे एक. आणि ह्यांना ती पूर्वेची खिडकी आवडली होती. दुसरं कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

पैशांची बाजू मात्र मी एजन्सीच्या हाती दिली नाही. बँकेत बत्तीस वर्षं काढली, शेवटची नऊ परकीय चलन विभागात. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर. घर, तीन टक्के हस्तांतर कर, नोटरी, वकील मिळून आमची बेरीज २ लाख ७० हजार युरोवर गेली. ती एकट्याच्या मर्यादेत बसत नाही, म्हणून घर दोघांच्या नावावर आणि पैसे दोघांच्या खात्यांतून. एजन्सीच्या पोरानं यावर तोड सुचवली: चार नातेवाइकांकडून "गिफ्ट" म्हणून पाठवा. त्याला म्हटलं, बाळा, असले अर्ज परत पाठवण्याचा मला पगार मिळायचा.

शिवाय टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना आगाऊ कापला जाणारा कर. माणशी दहा लाखांच्या वर २० टक्के बँक कापून घेते. ऑगस्ट २०२५ मध्ये युरो शंभरीच्या पुढे होता, म्हणजे दोघांचे मिळून पन्नास लाख निव्वळ अडकून बसले. रिटर्न भरल्यावर परत मिळतात हे खरं, पण तोवर ते तुमच्या हातात नसतात. या पन्नास लाखांचा उल्लेख एजन्सीच्या कोटेशनमध्ये एका ओळीनंही नव्हता. शिवाय दरवर्षी रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचा तक्ता भरायचा, चुकलात तर दहा लाख दंड होऊ शकतो.

एजन्सीवर माझा खरा राग उशिराचा आहे. ऑफिसचं घर करून घेताना ते काम आणि त्याची कागदोपत्री नोंद पुरी झाल्याशिवाय परवान्याचा अर्जच करता येत नाही. हे त्यांना ठाऊक असणारच. आम्हाला सांगितलं, जूनमध्ये अर्ज. जूनमध्ये फोटो आला तो सिमेंटच्या पोत्यांचा. जुलैत फोन उचलणं बंद. सप्टेंबरात "ग्रीसमध्ये ऑगस्टभर सुट्ट्या असतात मॅडम." काम नोव्हेंबरात संपलं, तेही वकीलबाईंनी नोटीस धाडल्यावर.

खरेदीखत नोटरीनं सव्वादोन तास ग्रीकमध्ये मोठ्यानं वाचलं, दुभाषी बाई वाक्यावाक्याला इंग्रजी करत होत्या. हे डुलक्या घेत होते. क्षेत्रफळाच्या ओळीशी दुभाषी बाई म्हणाल्या, एकेचाळीस पूर्णांक सहा. हे डोळे न उघडताच म्हणाले, "बघ."

डिसेंबरात अर्ज गेला. आता हातात अर्जाची निळी पावती आहे. कार्ड येईपर्यंत तिच्यावर ग्रीसमध्ये राहता येतं, पण दुसऱ्या शेंगेन देशात जाता येत नाही. बोटांचे ठसे द्यायला मार्चमध्ये पुन्हा अथेन्स. लेक म्हणाली, तुम्ही इकडे येऊ शकत नाही तर मीच येते चार दिवस. भाजणी दळून आणलीय, मिक्सर बॅगेत बसतो का ते बघून झालंय. तिकडचं सॉकेट दोन गोल भोकांचं, तेव्हा पिन तेवढी बदलून घ्यायची राहिलीय.