गोल्फ सिम्युलेटर सेंटर: मोजमाप चोख, मॅट खोटारडी

गोल्फ शिकायचं मनात असेल आणि ओळखीत क्लबचा एकही सभासद नसेल, तर सिम्युलेटर सेंटरला बेलाशक जा. मैदानावर उतरायची तयारी म्हणून जाणार असाल, तर मात्र पुढचं वाचा आणि मग बुकिंग करा. मी कॉस्ट ऑडिटर. भाचीला खेळायला सोबत हवी होती म्हणून जायला लागले, आता ती नसली तरी जाते. त्यामुळे इथे फटक्यांइतकाच धंद्याचाही विचार येईल, इलाज नाही.

एका हॉलमध्ये चार-पाच बे, म्हणजे खेळायचे कप्पे. प्रत्येकात पायाखाली हिरवी मॅट, समोर जाड कापडी पडदा आणि त्यावर प्रोजेक्टरने उमटवलेलं मैदान. चेंडू खरा, काठी खरी. चेंडू पडद्यावर आदळला की पुढचा प्रवास चित्रात. छताची उंची आधी बघून घ्या. दहा फुटांच्या आसपास तरी हवी, नाहीतर उंच माणूस ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब काठी, फिरवताना अंग चोरतो आणि तीच सवय जडते.

पैसे वसूल होतात ते मोजमापात. मशीन दोन जातींची असतात. रडारवाली डॉप्लर तत्त्वावर, म्हणजे चेंडूवरून परतणाऱ्या लहरींमधल्या बदलावरून, त्याचा माग काढतात. डेन्मार्कच्या ट्रॅकमनचं नाव यात सगळ्यांना माहीत. कॅमेऱ्यावाली फटका बसतानाची छायाचित्रं घेऊन चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी काढतात. बंद खोलीत चेंडू उडतो जेमतेम काही मीटर, बाकीचं अंतर गणिताचं. म्हणून फिरकी प्रत्यक्ष मोजलेली आहे की अंदाजलेली, हे विचाराच. आमच्या सेंटरच्या काउंटरवर हा प्रश्न टाकला तर मुलाने मला वायफायचा पासवर्ड दिला.

पण आकड्यांचा उपयोग होतो. भाचीचे सहा आणि सात नंबरचे आयर्न, म्हणजे धातूच्या टोकाच्या काठ्या, जवळजवळ एकाच अंतरावर चेंडू टाकतात, हे इथे कळलं. नियमाने पिशवीत जास्तीत जास्त १४ काठ्या, आणि त्यातली एक ती उगाच वाहत होती. मैदानावर हे लक्षात यायला फार वेळ लागला असता. तिथे वारा, चढ-उतार, गवत, सगळ्यांवर खापर फोडता येतं.

आता मॅट. मातीवर काठी चेंडूच्या आधी जमिनीला लागली की ढेकूळ उडतं आणि चेंडू दोन पावलं सरकून थांबतो. मॅटवर तीच काठी घसरत चेंडूपर्यंत पोचते आणि पडद्यावर फटका झकास दिसतो. म्हणजे नेमकी जी चूक नवख्याला समजायला हवी, ती लपवली जाते. शिवाय मॅट कडक असली की मनगट दुखतं ते वेगळंच. पटिंगबद्दल, म्हणजे चेंडू भोकात ढकलण्याबद्दल, न बोललेलं बरं. खरं भोक १०८ मिलिमीटरचं. इथे चेंडू काही फुटांवर पोचला की मशीन आपणहून ‘गेला’ म्हणून मोकळं होतं. सेटिंग बदलता येतं, फक्त ते सांगायला कुणी येत नाही.

तरीही गर्दी वाढतेय, आणि ती का, हे भाड्याच्या पद्धतीतच दिसतं. भाडं माणशी नाही, बेचं, तासावर. एकटा माणूस तासाभरात १८ होल, म्हणजे १८ भोकांचा अख्खा डाव, उरकतो. मैदानावर चौघांना चार तास सहज लागतात. १८ होलच्या कोर्सला शंभराहून जास्त एकर जमीन, रोजची गवतकापणी आणि भरपूर पाणी लागतं. इथे एक हॉल आणि वीजबिल. जमीन आणि वेळ, गोल्फमधल्या दोन सर्वांत महाग वस्तू वगळून उरलेलं गोल्फ हे लोक विकतात. अमेरिकेत नॅशनल गोल्फ फाउंडेशनच्या मोजणीनुसार २०२२ साली ड्रायव्हिंग रेंज (फटक्यांच्या सरावाची जागा), सिम्युलेटर वगैरे ठिकाणी खेळणारे २ कोटी ७९ लाख झाले आणि कोर्सवरच्या २ कोटी ५६ लाखांना त्यांनी प्रथमच मागे टाकलं. दोन्हीकडे खेळणारेही त्यात आहेतच.

त्याच वर्षी तिथल्या गोल्फची थेट उलाढाल १०१.७ अब्ज डॉलर असल्याचं तिथल्या गोल्फ उद्योगाने सांगितलं. हा आकडा दिसला की मी सवयीने त्याची फोड शोधते. त्यात गोल्फसाठीचा प्रवास येतो, कोर्सलगतच्या घरांचं बांधकामही येतं. हॉलमध्ये चेंडू टोलवून कोणी शेजारी बंगला बांधत नाही. कोर्सवर माळी, यंत्रं सांभाळणारे, पिशवी वाहणारे कॅडी असा गोतावळा पोसला जातो; इथे काउंटरवरचा तो मुलगा आणि एक अ‍ॅप. खेळणारे दुप्पट झाले म्हणजे उलाढाल दुप्पट होईल, असं समजणाऱ्यांनी हा फरक ताळेबंदात धरावा.

माझी खरी तक्रार इथेच आहे. सेंटर माणसाला गोल्फची गोडी लावतं आणि दारातच सोडून देतं. जवळच्या कोर्सशी काही बोलणी नाहीत, खड्ड्यातली वाळू सारखी करायची असते हे कुणी शिकवत नाही. इथला स्कोअर जागतिक हँडिकॅपसाठी, म्हणजे खेळाडूची कुवत सांगणाऱ्या अधिकृत आकड्यासाठी, धरलाही जात नाही. महिन्यातून एकदा नवख्यांना नऊ होल खेळायला घेऊन गेले, तर दोघांचाही धंदा वाढेल.

एक गोष्ट मात्र मैदानाला जमत नाही. पहिल्या टीवर, म्हणजे डाव सुरू करायच्या जागी, मागे रांग लावून उभे असलेले अनुभवी पुरुष इथे नसतात. आमच्या वेळेला निम्म्याहून जास्त बायका असतात, आणि चेंडू हुकला तर मोठ्याने हसतात.

गुण द्यायचे तर मोजमापाला पाचपैकी साडेचार, मॅटला दोन, मार्गदर्शनाला एक. चौघांत भाडं वाटून घेणार असाल तर तासाभरात प्रत्येकाच्या वाट्याला पंधराच मिनिटं येतात, तेव्हा दोन तासांचं बुकिंग करा. डावखुरे असाल तर फोनवर आधी सांगा. काही बेमध्ये चेंडू ठेवायची जागा एका भिंतीला चिकटून असते.