जुनी फियाट पुंटो डिझेल घ्यायचीय? गाडीच्या आधी मिस्त्री बघा

परवा ऑफिसातल्या एका पोराने विचारलं, दादा तुमच्याकडे ती पुंटो आहे ना, मला एक मिळतेय पावणेदोन लाखात, घेऊ का? पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली आणि पाऊण तास गेला, त्याची बस चुकली, माझा चहा राहिला. म्हटलं आता हे एकदा लिहूनच टाकू, दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच.

माझी गाडी २०१२ ची, १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन, ७६ पीएस (जवळपास तेवढीच हॉर्सपॉवर) वाली, इमोशन मॉडेल. २०१७ ला सेकंडहँड घेतली तेव्हा ६१ हजार किलोमीटर झाली होती, २ लाख ८५ हजारात मिळाली. आज मीटरवर १ लाख ४८ हजार आहेत. म्हणजे मध्ये जे काही रनिंग झालं ते सगळं माझ्या हातचं, पुण्यातल्या खड्ड्यांत, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये, आणि वर्षातून सात-आठ वेळा कोल्हापूर किंवा कोकण.

आधी वाईट सांगतो. पहिल्या दिवशी शहरात चालवाल तेव्हा वाटेल की फसलो राव. क्लच जड, गाडी जड, आणि २००० आरपीएमच्या खाली इंजिन झोपलेलं असतं. १२४८ सीसीचं छोटं इंजिन आणि सगळी ताकद टर्बोवर (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा), त्यामुळे टर्बो फिरेपर्यंत मागून रिक्षावाला हॉर्न मारून तुमचा उद्धार करून पुढे निघून पण जातो. स्विफ्ट डिझेलमध्ये हेच इंजिन होतं पण ती शंभर किलोच्या वर हलकी, म्हणून सिग्नलवरून ती सुटते आणि आपण मागे. यावर उपाय एकच, लाजू नका, स्पीडब्रेकरला सरळ पहिला टाका. दुसऱ्यावर घासत बसलात तर गाडी गचके खाते आणि हाफ क्लचची सवय लागते. मला लागली होती, १ लाख १२ हजार किलोमीटरला क्लचप्लेट बसली, मजुरी धरून १४ हजार गेले. त्यात गाडीचा काही दोष नाही, माझा डावा पाय आणि राजाराम पुलाचा सिग्नल हे दोघं जबाबदार.

मागची सीट पण अडचणीची. तीन मोठी माणसं बसवली की मधला माणूस लोणावळ्यापर्यंत बोलत नाही. डिकी २८० लिटरची, दोन मोठ्या बॅगा आणि एक आंब्याची पेटी, संपला विषय.

आता हे सगळं असून माणूस ही गाडी सोडत का नाही, तर स्टिअरिंग. हायड्रॉलिक आहे, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं. आत्ताच्या गाड्यांना इलेक्ट्रिक असतं, पार्किंगला एका बोटाने फिरतं पण ऐंशीच्या वर गेलात की चाकं नक्की काय करतायत ते हाताला कळत नाही. पुंटोचं पार्किंगला जरा दंड दुखवतं, पण रस्त्यावर खडी आहे का ओल आहे का डांबर उखडलंय ते सगळं तळहाताला कळतं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट चढायचा, तिसरा गिअर, आरपीएमचा काटा २२०० ते २८०० मध्ये ठेवायचा, आणि मग बघा, तीच गाडी जी सकाळी नवले पुलावर मेल्यासारखी वाटत होती ती ट्रकच्या बाजूने अशी खेचून निघते की बायको पण मोबाईलमधनं मान वर करते. वळणात गाडी झुकत नाही, बसून जाते. एक्सप्रेसवेला १०० च्या लिमिटवर चालवत असाल तर ७० वर असल्यासारखं वाटतं, आतमध्ये नॉर्मल आवाजात गप्पा मारता येतात. दरवाजा लावला की धप्प असा आवाज येतो, टिणटिण नाही. माझ्या मेव्हण्याकडे नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे, सनरूफ बिनरूफ सगळं, तो एकदा ताम्हिणीतून माझी चालवून आला आणि तीन दिवस स्वतःच्या गाडीला शिव्या देत होता.

अ‍ॅव्हरेज शहरात १४-१५, हायवेला १९-२०, एसी लावून. टाकी ४५ लिटरची, पुण्यातून फुल करून निघालो तर मालवण करून परत येता येता डिझेल टाकायला लागतं.

तर आता मेन मुद्दा. लोक घाबरवतात की फियाट भारतात बंद झाली, सामान मिळत नाही, भंगारात जाईल. अर्धं खरंय. पण कुठलं अर्धं ते समजून घ्या. हे १.३ मल्टिजेट इंजिन म्हणजे आपल्याकडच्या डिझेल गाड्यांचं वडापाव होतं, जिथं बघाल तिथं तेच. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, लिनिया, सगळ्यात हेच, कुठं डीडीआयएस म्हणायचे कुठं क्वाड्राजेट. रांजणगावच्या प्लांटमध्ये बनायचं, मारुतीनेही एका टप्प्यावर तिथून इंजिनं घ्यायचा करार केला होता. प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा २०२० मध्ये मारुतीने हे इंजिन बंद केलं, पण तोपर्यंत रस्त्यावर इतक्या गाड्या आल्या होत्या की कुठल्याही गावातला डिझेलवाला मिस्त्री हे इंजिन डोळे मिटून खोलतो. त्यामुळे इंजिनाच्या बाबतीत टेन्शन घेऊ नका.

टेन्शन आहे ते इंजिन सोडून उरलेल्या गाडीचं. हेडलाइट, बंपर, आरसे, दरवाजाचे हँडल, आतली प्लॅस्टिकची बटणं. माझा डावा आरसा लक्ष्मी रोडला एका रिक्षाने उडवला, गणपतीच्या आधीचा शनिवार, चूक माझीच, तिथं गाडी घालायचीच कशाला. नाना पेठेत तीन दुकानात गेलो, नाही म्हणाले. चौथा म्हणाला सोमवारी या. असे तीन सोमवार झाले. शेवटी मुंबईला कामासाठी गेलो होतो तेव्हा कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारवाल्याकडे मिळाला, ९०० रुपये, फक्त लाल रंगाचा. गाडी पांढरी. रंगवून घेणार होतो पण पोरगी म्हणाली राहू दे बाबा, मॉलच्या पार्किंगमध्ये लगेच सापडते. दोन वर्षं झाली, अजून लालच आहे. तर जुनी पुंटो घेताना हेडलाइटला तडा, बंपरचा कोपरा गेलेला, हँडल लटकलेलं असं काही असेल तर ‘ते काय बदलून टाकू’ म्हणू नका, तिथंच पैसे तोडा नाहीतर सोडा. याउलट इंजिनाचं छोटं काम असेल तर ते परवडतं. बाकी गाड्यांच्या बाबतीत बरोबर उलटा हिशोब असतो.

आणि मिस्त्री. हा विषय गाडीपेक्षा मोठा आहे. घेतल्यावर वर्षभराने पुढून कट-कट आवाज यायला लागला, छोट्या खड्ड्यात जास्त, मोठ्यात कमी. एका चकाचक मल्टिब्रँड वर्कशॉपला नेली, नाव घेत नाही, एसी वेटिंग रूम, कॉफी मशीन, टॅबवर सही. त्यांनी ३८ हजाराचं एस्टिमेट दिलं, पुढचे दोन्ही शॉकअप, लोअर आर्म, स्ट्रट माउंट, अलाइनमेंट, आणि वर म्हणाले जुनी गाडी आहे सर, यात जास्त पैसे घालू नका. अरे मग ३८ हजार काय आहेत?

मग एका लिनियावाल्याने धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडचा पत्ता दिला. साठीतले मिस्त्री, पांढरी दाढी, सगळे चाचा म्हणतात. त्यांनी आधी बॉनेट उघडलंच नाही. माझ्या शेजारी बसले, काचा खाली घ्यायला लावल्या, शेडसमोरच्या खडबडीत रस्त्यावरनं दोनदा नेलं, एकदा फक्त डावं चाक खड्ड्यात घालायला सांगितलं. परत आल्यावर जॅक लावला, टामी (लोखंडी दांडा) घालून हलवलं आणि म्हणाले, ‘साहेब, लिंक रॉड गेलाय. बाकी सगळं झकास आहे, उगाच कशाला काढताय.’ लिंक रॉड म्हणजे सस्पेन्शनमधली छोटी दांडी, तिची जोडी १८०० रुपये, मजुरी ४००. आवाज गेला. तेव्हापासून ती गाडी त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात दिली नाही, आणि खरं सांगतो, हा रिव्ह्यू गाडीचा कमी आणि चाचांचाच जास्त आहे. वाईट एवढंच की फोन उचलत नाहीत, शुक्रवारी दुपारी शेड बंद, आणि ‘संध्याकाळी देतो’ म्हणाले की ती संध्याकाळ कुठल्या दिवसाची ते आपण विचारायचं नाही.

त्यांच्याकडून जे शिकलो ते सांगतो, फुकट आहे. एक म्हणजे ऑइल. या इंजिनाला टायमिंग बेल्ट (ठराविक किलोमीटरला बदलावा लागणारा पट्टा) नाही, चेन आहे, म्हणून लोक खूश होतात की बदलायलाच नको. पण ती चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो. ऑइल काळं डांबर होईपर्यंत वापरलंत किंवा लेव्हल कमी ठेवलीत तर चेन ढिली पडते आणि सकाळी सकाळी डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. म्हणून मी ८-९ हजार किलोमीटरला ऑइल बदलतो, ५डब्ल्यू-३० सिंथेटिक, तीन लिटरच्या आसपास लागतं, कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघत नाही. दुसरं टर्बो. घाट चढून वर आलात, वड्याची टपरी दिसली की लगेच चावी बंद करायची नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फिरत असतो आणि त्याला ऑइल देतं इंजिन, इंजिन बंद म्हणजे ऑइल बंद, तापलेलं ऑइल तिथंच जळून कोळसा होतं. मिनिटभर आयडलवर राहू द्या, तोपर्यंत बाकीचे उतरून ऑर्डर देतील. तिसरं, पिकअप गेला आणि काळा धूर मारायला लागली की लगेच टर्बो-इंजेक्टरच्या नावाने रडू नका, आधी ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) साफ करून बघा. शहरात हळूहळू चालवून त्यात काजळी साचते. माझं ९० हजार किलोमीटरला १५०० रुपयात काम झालं आणि गाडी परत पळायला लागली. आणि डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साचतं ते पावसाळ्याच्या आधी सोडून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

वर्षाचा खर्च म्हणाल तर इन्शुरन्स आणि डिझेल सोडून साधारण १२ ते १५ हजार येतो. ज्या वर्षी टायर, क्लच असं काही येतं त्या वर्षी दुप्पट.

कागदपत्रांचं पण बघा. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला १५ वर्षं पूर्ण, मग आरटीओत नेऊन परत रजिस्ट्रेशन, फिटनेस, ग्रीन टॅक्स. आपल्याकडे ते करता येतं. दिल्लीकडे बदली व्हायची शक्यता असेल तर आधी तिथला चालू नियम बघा, तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघालेत आणि कोर्टात ते बदलत राहतात. आणि मालकाने हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का ते विचारा, ७४५ रुपये अधिक जीएसटी आहे पण तेवढ्यासाठीही लोक टाळाटाळ करतात आणि त्यावरून माणूस कळतो.

माझ्या बाबांकडे ऐंशीच्या दशकात प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगला गिअर असलेली, आमच्याकडे तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. ते पुंटोत पहिल्यांदा बसले तेव्हा दरवाजा लावून, परत उघडून, परत लावून बघितला आणि म्हणाले, हां, हाय फियाट. त्यांचं एवढंच टेस्टिंग.

त्या ऑफिसातल्या पोराला मी एकच गोष्ट तीनदा सांगितली होती, मालकाला आदल्या रात्री फोन करून सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. थंड इंजिनाची पहिली दहा सेकंदंच खरं बोलतात, चेन वाजते का, धूर कसला येतो, सेल्फ किती घेते, सगळं तिथंच कळतं. तो रविवारी सकाळी आठला हडपसरला गेला. मालक हसत हसत खाली आला, गाडी पुसून तयार, चहा विचारला. याने बॉनेटवर हात ठेवला, गरम. चहा पिऊन परत आला. आता म्हणतोय कोल्हापूरला एक आहे, ९० हजार झालेली, डॉक्टरची गाडी. मी चाचांना फोन लावतोय कालपासून, येतात का बघायला म्हणून. उचलत नाहीत.