बीआयएमचे शब्द दहा महिने वापरून: कुठले कामाला आले, कुठल्यांनी डोकं खाल्लं

आधीच सांगतो, हा सॉफ्टवेअरचा रिव्ह्यू नाही. रेव्हिट चांगलं का आर्किकॅड, नेव्हिसवर्क्स हँग होतंय का, यावर लिहिणारे ढिगाने आहेत. मी लिहायलोय ते बीआयएमच्या शब्दांबद्दल. बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, इमारतीचं माहिती भरलेलं थ्रीडी मॉडेल करून सगळ्यांनी त्यावर काम करायची पद्धत. सीडीई, ईआयआर, बीईपी, एलओडी, फेडरेटेड मॉडेल वगैरे वगैरे. दहा महिने झाले, रोज सकाळी ऑफिसात शटर वर केल्यापासून हेच शब्द कानावर आहेत, तर म्हणलं एकदा लिहून टाकावं.

आमचं ऑफिस संभाजीनगरात, सहा माणसं, काम एमईपीचं, म्हणजे प्लंबिंग, फायर, एसी, इलेक्ट्रिकलची ड्रॉईंग. पंधरा वर्षं कॅडवर निघाली. मागच्या वर्षी लातूरकडच्या एका हॉस्पिटलचं काम मिळालं, आर्किटेक्ट पुण्याचे, स्ट्रक्चरलवाले हैदराबादचे, आणि क्लायंटच्या सल्लागारांनी पहिल्याच मीटिंगला सांगितलं की सगळं आयएसओ १९६५० प्रमाणे होणार. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो नंबर पहिल्यांदाच ऐकला होता, त्यात मी पण आलो. (तो बीआयएमची माहिती कशी सांभाळायची याचा आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, २०१८ च्या डिसेंबरात आला, पहिले दोन भाग. त्याच्या आधी ब्रिटनमध्ये त्यांचं पीएएस ११९२ नावाचं स्टँडर्ड होतं, बरेचसे शब्द तिथूनच आलेत.)

सगळ्यात कामाचा शब्द आधी घेतो. सीडीई, म्हणजे कॉमन डेटा एन्व्हायर्न्मेंट. लोकांना वाटतं सीडीई म्हणजे गूगल ड्राईव्हसारखं फोल्डर. मला पण तसंच वाटायचं. पण त्यातली खरी गोष्ट जागा नाही, अवस्था आहे. फाईल चार अवस्थांपैकी एकीत असते: वर्क इन प्रोग्रेस, शेअर्ड, पब्लिश्ड, अर्काईव्ह. वर्क इन प्रोग्रेस म्हणजे माझं माझ्यापाशी, चुकलं तरी कुणाचं काही जात नाही. शेअर्ड म्हणजे मी तपासून दुसऱ्या टीमला दिलं, त्यांनी त्यावर आपलं काम जुळवून घ्यायचं, पण बांधायचं नाही. पब्लिश्ड म्हणजे ज्याला अधिकार आहे त्याने मंजूर केलं, आता बांधा. अर्काईव्ह म्हणजे जुनं, पण पुसायचं नाही, उद्या भांडण झालं तर तेच काढावं लागतं.

वाचायला सोपं आहे ना? मला पण वाटलं. मग दुसऱ्या मजल्याचा स्लॅब आला.

झालं असं, की टॉयलेटचा शाफ्ट, म्हणजे पाईप जायची उभी पोकळी, ३०० मिलिमीटर सरकवावा लागेल असं मला वाटत होतं, मी माझ्या वर्क इन प्रोग्रेसमध्ये सरकवून बघितला, आणि साईट इंजिनियरचा फोन आला की सर स्लीव्हचं (पाईपला वाट राहावी म्हणून स्लॅब ओतायच्या आधी ठेवतात ती नळी) काय झालं, सेंट्रिंग तयार आहे, तर मी घाईत त्याच फाईलची पीडीएफ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली, खाली लिहिलं 'बघून घ्या'. माझ्या मनात बघून घ्या म्हणजे नजर टाका, त्याच्या मनात बघून घ्या म्हणजे ठेवून घ्या. त्याने ठेवून घेतल्या. तिकडे हैदराबादवाल्यांनी शाफ्ट सरकवू नका म्हणून सांगितलं, कारण तो बीमच्या फारच जवळ जात होता, मी गुपचूप शाफ्ट पहिल्या जागी आणला, शेअर्डला टाकला, आणि साईटला सांगायचं राहून गेलं. स्लॅब ओतून झाला. अकरा स्लीव्ह चुकीच्या जागी.

कोअर कटिंगचं, म्हणजे तयार स्लॅबला गोल भोकं पाडायचं मशीन लातूरहून आलं. आधी सळई कुठं आहे ते स्कॅन करायचं, खडूने गोल मारायचा, मग ते डायमंडचं नळकांडं फिरायला लागतं आणि पांढुरका चिखल खालच्या मजल्यावर गळायला लागतो. दोन दिवस तो आवाज मी तिथं उभं राहून ऐकला. अकरातल्या दोन ठिकाणी सळई आडवी आली, तिथं कापू देईनात, पाईपच फिरवावा लागला. खर्च कुणाचा यावर जे झालं ते इथं लिहीत नाही.

तिथले मुकादम मामा साठीचे असतील, किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसनाच्या घरांवर काम केलेला माणूस. ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, म्हणाले, "साहेब, चुकलं कुठं ते तरी सांगा." मी लाजत लाजत शेअर्ड-पब्लिश्ड समजावलं. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे सातबाराच की. अर्ज दिला म्हणून कुणी नांगर घालतंय का? फेरफार मंजूर व्हायला पाहिजे. तुम्ही आम्हाला अर्ज दाखवला अन आम्ही नांगरून बसलो."

बाबो. चाळीस पानांच्या पीडीएफमध्ये जे मला कळलं नव्हतं ते या माणसाने एका वाक्यात सांगितलं. तेव्हापासून आमच्या ऑफिसात 'नांगर घालू नका' हा अधिकृत शब्द आहे. कुणी पोरगं साईटला काही पाठवायलं की बाजूचा विचारतो, अर्ज का सातबारा?

याच्याच पाठोपाठ स्टेटस कोड येतात, आणि यांच्याबद्दल माझं मत पूर्ण बदललं. सुरुवातीला वाटलं हा शुद्ध चोचलेपणा आहे. ब्रिटिश पद्धतीत एस० म्हणजे वर्क इन प्रोग्रेस, एस१ फक्त जुळवणीसाठी, एस२ माहितीसाठी, एस३ तपासून शेरा देण्यासाठी. रिव्हिजन वेगळी: पी०१, पी०२ असं मंजुरीच्या आधीचं, सी०१ पासून पुढे कॉन्ट्रॅक्टचं. गंमत अशी की आपल्याकडे सगळे रिव्हिजन बघतात, स्टेटस कुणी बघत नाही. 'आर ४ आलं का?' एवढंच विचारतात. पण आर ४ कशासाठी आलंय? रिव्हिजन सांगते की कागद कितवा आहे, स्टेटस सांगतं की त्या कागदाचं करायचं काय. पी०३ एस२ आणि पी०३ एस३ या दोन कागदांवर रेघ न रेघ सारखी असू शकते, पण पहिल्यावर तुमचं मत मागितलेलंच नाही आणि दुसऱ्यावर गप्प बसलात तर पुढं बोलायचा हक्क गेला. आम्ही आता टायटल ब्लॉकमध्ये, म्हणजे ड्रॉईंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीत, स्टेटस रिव्हिजनपेक्षा मोठ्या अक्षरात छापतो. या एका गोष्टीने फोन कमी झाले, हे मी छातीठोक सांगतो.

फाईलच्या नावाबद्दल पण दोन शब्द. प्रोजेक्ट, कंपनी, भाग, मजला, प्रकार, विषय, नंबर, मधे आडव्या रेघा. पहिले दोन महिने शिव्या घातल्या. मग एकदा जुन्या कामाचं फोल्डर उघडलं, त्यात 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन सरांनी सांगितलेलं' अशा तीन फाईल निघाल्या. शिव्या बंद.

आता ज्याने खरंच डोकं खाल्लं तो शब्द. एलओडी. याची भानगड अशी की हा एकच संक्षेप दोन गोष्टींसाठी वापरतात. अमेरिकेत लेव्हल ऑफ डेव्हलपमेंट, म्हणजे त्या वस्तूवर किती भरवसा ठेवायचा. तिकडे आर्किटेक्टांच्या संस्थेने २००८ मध्ये १०० ते ५०० अशा पायऱ्या आणल्या, नंतर ३५० मधे घातली गेली. ब्रिटनमध्ये बरेच जण डी म्हणजे डिटेल धरायचे, म्हणजे चित्र किती बारकाईचं. आमच्या कामात पुणेवाले एक अर्थ धरून, हैदराबादवाले दुसरा, आणि मी दोघांच्या मधे हो हो करत. कॉन्ट्रॅक्टमध्ये काय लिहिलेलं? 'मॉडेल एलओडी ३५० असावे.' अख्खं मॉडेल! अहो, एलओडी वस्तूला असतो, मॉडेलला नसतो. त्याच मॉडेलमध्ये कॉलम ३५० ला असेल, एसीचा डक्ट ३०० ला आणि खुर्च्या २०० ला, आणि तेच बरोबर आहे.

याचा परिणाम बघा. आमच्या पोराने फायर पंपाचं मॉडेल कंपनीच्या साईटवरून उतरवलं, इतकं सुंदर की बोल्टचे आटे दिसत होते, फाईल त्यापायी जड होऊन मरायला टेकली. पण त्या पंपाला क्लिक केलं तर हेड (पाणी किती उंच चढवणार ते) किती, फ्लो किती, मोटर किती किलोवॅटची, काही नाही. रिकामं. इलेक्ट्रिकलवाल्याला बोल्ट नको होते, त्याला केबल साईझ काढायला किलोवॅट पाहिजे होता. त्याला एक साधा ठोकळा आणि एक आकडा दिला असता तरी भागलं असतं. १९६५० मध्ये म्हणून एलओडी शब्दच टाळलाय, तिथं लेव्हल ऑफ इन्फर्मेशन नीड म्हणतात, म्हणजे गरज काय ते आधी विचारा, मग तेवढंच द्या. शब्द लांबलचक आहे, मीटिंगमध्ये कुणी उच्चारत नाही, पण मला हाच पटला. आम्ही त्याला 'गरजेपुरतं' म्हणतो.

क्लॅश म्हणजे मॉडेलमध्ये दोन वस्तू एकमेकांच्या आड येणं, त्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं, म्हणून थोडक्यात. हार्ड क्लॅश म्हणजे डक्ट बीममध्ये घुसलाय. क्लिअरन्सचा क्लॅश म्हणजे घुसला नाही, पण व्हॉल्व्ह फिरवायला हात जायला जागा नाही, आणि हॉस्पिटलमध्ये हाच जास्त छळतो, कारण फॉल्स सिलिंगच्या वर मेडिकल गॅस, एसी, फायर, केबल ट्रे सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले. पहिल्यांदा रन मारला तर दोन हजारांच्या वर क्लॅश निघाले आणि मला घाम फुटला. उघडून बघितले तर एकाच डक्टचे चाळीस चाळीस, पाईपचं इन्सुलेशन आणि त्याचाच सपोर्ट असले फालतू. तेव्हा कळलं की क्लॅश आणि इश्यू हे दोन वेगळे शब्द आहेत. क्लॅश मशीन काढतं, इश्यू माणूस ठरवतो. इश्यूला नाव पाहिजे, कुणी सोडवायचा तो माणूस पाहिजे, तारीख पाहिजे. इश्यू इकडून तिकडं पाठवायला बीसीएफ नावाचा फॉर्मॅट आहे, त्यात अख्खं मॉडेल जात नाही, फक्त शेरा, कॅमेरा कुठं उभा होता ते, आणि कुठल्या वस्तूबद्दल बोलायलोय त्याचा नंबर. आमच्याकडं पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्ही लपंडाव खेळतात, तेव्हा या बारक्या फाईलीचं मोल कळलं.

फेडरेटेड मॉडेल म्हणजे सगळ्यांची मॉडेलं एकत्र वितळवलेली नसतात, शेजारी शेजारी लावलेली असतात, ज्याचं त्याच्या मालकीचं राहतं. हे न कळल्यामुळं क्लायंटचे साहेब तीन महिने म्हणत होते, "त्या एकत्र फाईलमध्येच बदला की." नाही बदलता येत साहेब. आणि ती शेजारी लावायची तर सगळ्यांचे कोऑर्डिनेट एक पाहिजेत. आम्ही पहिल्यांदा लावलं तेव्हा आर्किटेक्टचं मॉडेल सर्व्हेच्या खऱ्या कोऑर्डिनेटवर, आणि स्ट्रक्चरचं शून्य शून्यवर. स्क्रीनवर दोन ठिपके, मधे दोन हजार किलोमीटर. मजा म्हणून हिशोब केला, आपला भाग यूटीएम नावाच्या नकाशाच्या पद्धतीत ४३ नंबर झोनमध्ये येतो, त्याचं शून्य शून्य विषुववृत्तावर, मालदीवच्याही पश्चिमेला भर समुद्रात. म्हणजे हॉस्पिटलच्या भिंती लातुरात आणि कॉलम हिंदी महासागरात. शेअर्ड कोऑर्डिनेट्स हा शब्द पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, सगळ्यांकडून तीन तीनदा म्हणवून घ्या.

आयएफसी म्हणजे एका सॉफ्टवेअरचं मॉडेल दुसऱ्यात नेता यावं म्हणून केलेला सामायिक फॉर्मॅट. त्याबद्दल एकच तक्रार, आणि ती आयएफसीची नाही, लोकांची आहे. त्यांना वाटतं आयएफसी दिलं म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आरामात एडिट करता येणार. तो बघायला, जुळवायला, सोपवायला आहे. पत्रिकेचा फोटो काढून पाठवला म्हणून पत्रिका बदलता येते का?

उरले ईआयआर आणि बीईपी. ईआयआर म्हणजे क्लायंटला कुठली माहिती, कधी, कशी पाहिजे. बीईपी म्हणजे ती आम्ही कशी देणार. म्हणजे मागणी आणि उत्तर. ईआयआरमधला ई आधी एम्प्लॉयर होता, १९६५० मध्ये एक्स्चेंज झाला, कारण मागणी फक्त मालकाचीच नसते, मुख्य सल्लागार पण खालच्यांकडे मागतो. हा बदल चांगला आहे. पण आमच्या कामात ईआयआर दुसऱ्याच कुठल्या कामाचा उचललेला होता, त्यात आमच्या जागेवर नसलेल्या बेसमेंटचा तिसरा मजला होता, आणि त्याला उत्तर म्हणून आम्ही जो बीईपी दिला तोही, खरं सांगतो, उचललेलाच होता. दोन उचललेले कागद एकमेकांशी बोलत होते आणि आम्ही मधे बसून चहा पीत होतो. सहाव्या महिन्यात बसून खरा लिहिला, नऊ पानांचा.

अपॉइंटिंग पार्टी, लीड अपॉइंटेड पार्टी, अपॉइंटेड पार्टी या तीन शब्दांपुढं मात्र मी हरलो. क्लायंटच्या साहेबांना 'अपॉइंटिंग पार्टी' म्हणलं की ते डायरी काढून विचारतात अपॉइंटमेंट कितीची. आम्ही मालक, मुख्य आणि पोट असंच म्हणतो, पोटठेकेदारातला पोट. काही बिघडत नाही.

कुणी स्टार विचारले तर सीडीईच्या अवस्था आणि स्टेटस कोडला पाचपैकी पाच, शेअर्ड कोऑर्डिनेट्सला पाच, क्लॅशला चार, ईआयआर-बीईपीला तीन, एलओडीला दीड. नवीन कुणी सुरू करणार असाल तर पुस्तकातली यादी पाठ करत बसू नका, पहिल्या मीटिंगला दहा शब्द घ्या, प्रत्येकाला त्याचा अर्थ त्याच्या शब्दांत लिहायला लावा आणि कागद अदलाबदल करा. आम्ही सहाव्या महिन्यात केलं हे, एलओडीला सात माणसांचे पाच अर्थ निघाले.

आमची यादी प्लॉटरच्या शेजारी चिकटवली आहे, तिच्यावर पण स्टेटस आहे, पी०४ एस२. मुकादम मामा मागच्या महिन्यात ऑफिसला आले होते, त्यांनी ती वाचली आणि विचारलं, ही अजून मंजूर का नाही. चौथ्या मजल्याच्या स्लॅबला त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ घेतली नाही म्हणे, साईट इंजिनियरला सांगितलं आधी सातबारा दाखव. हँडओव्हर अजून बाकी आहे, पंपांचे, व्हॉल्व्हचे सगळे आकडे तेव्हा द्यायचेत, आणि त्यातले किती भरलेत ते बघायला मी अजून मॉडेल उघडलेलं नाही.