जुन्या दगडी घरात नऊ महिने

गेले नऊ महिने मी एका जुन्या दगडी घरात राहत आहे. कडक ऊन, पाऊस आणि थंडी या सर्व काळांत त्याच्या भिंती कशा वागतात हे पाहिल्यानंतरच हा अनुभव लिहीत आहे.

भिंती सुमारे ६० सेंटीमीटर जाड आहेत. दुरुस्तीसाठी एक भाग उघडला तेव्हा त्यांची रचना दिसली: आत आणि बाहेर दगडांचा एकेक थर, मध्ये बारीक दगड व चुन्याची भर, आणि दोन्ही थरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या पूर्ण जाडीचे लांब दगड. हे आडवे दगड कमी पडले तर बाहेरचा थर फुगून सुटू लागतो. म्हणून असे घर घेण्यापूर्वी भिंतीला ओळंबा (दोरीला टांगलेले वजन) लावून ती सरळ उभी आहे का ते अवश्य पाहावे.

उन्हाळ्यात हे घर फार सुखाचे वाटले, कारण दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि खिडक्या उघडता येतात. थंडीत मात्र दगड उष्णता साठवतो, अडवत नाही, हे नीट समजले. घर चार दिवस बंद राहिले तर भिंती पुन्हा उबदार व्हायला तितकाच वेळ लागतो.

खरा त्रास ओलीचा झाला. जुन्या घराच्या पायामध्ये ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतले पाणी वर चढते आणि चुन्याच्या मऊ, सच्छिद्र दरजांमधून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांमधून, उडून जाते. पूर्वीच्या कोणीतरी त्या दरजा सिमेंटने भरल्या होत्या. ही भिंत मुळात चुन्यात बांधलेली, तिला हे घट्ट लिंपण मानवले नाही. वाट बंद झालेले पाणी दगडातूनच बाहेर पडू लागले, पृष्ठभागाखाली क्षार साठले आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागले.

कोरड्या दिवसांत एका भिंतीचे सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढून दरजा चुन्याने भरून घेतल्या. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून ओली गोणपाटे लावून तो लवकर सुकू दिला नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण घाई केली तर चुन्याची भुकटी होते. चार महिन्यांत त्या खोलीतला कुबट वास गेला आणि ओलीचा डाग गुडघ्याच्या उंचीवरून घोट्यापर्यंत उतरला. शेजारच्या खोलीत सिमेंट तसेच आहे; तिथे भिंतीच्या पायथ्याशी दगडाचा भुगा अजूनही दर आठवड्याला झाडावा लागतो.