तुरटीचा खडा आणि ट्रिमर: पुरुषांनी काखेची निगा राखण्यासाठी काय घ्यावे

डोंबिवलीहून रोज सकाळी लोकलने उभ्याने जाणाऱ्या माणसाला हात वर करून कडी धरावीच लागते आणि त्याची काख शेजारच्या प्रवाशाच्या नाकाशी येते. शरीराच्या या भागाविषयी पुरुष आपापसांत बोलत नाहीत, दुकानात विचारायला संकोचतात आणि शेवटी जाहिरातीत दिसेल तो उग्र वासाचा स्प्रे घरी आणतात. मीही अनेक वर्षे तेच केले. नंतर घाम रोखणारे रोल-ऑन घेतले, तेव्हा घाम कमी झाला. पण पांढऱ्या सदऱ्यांच्या काखेत कडक पिवळे डाग पडू लागले आणि त्वचेला खाज सुटू लागली. म्हणून या वर्षी मार्च ते ऑगस्ट, म्हणजे ऐन उन्हाळा आणि पावसाळ्याचा मोठा भाग, मी केवळ तुरटी आणि ट्रिमर यांवर काढला.

तुरटीचे दोन खडे मी एकाच वेळी घेतले. एक आमच्या वाण्याकडून, वर्तमानपत्राच्या कागदात बांधून, साधारण शंभर ग्रॅमचा, वीस रुपयांना. दुसरा ऑनलाइन मागवलेला, गुळगुळीत घासलेला, प्लॅस्टिकच्या नळीत बसवलेला, जवळपास तेवढ्याच वजनाचा, साडेतीनशे रुपयांना. पहिला महिनाभर उजव्या काखेला वाण्याचा खडा आणि डाव्या काखेला विकतचा घासलेला खडा, असा क्रम मी काटेकोरपणे पाळला. संध्याकाळी घरी आल्यावर काढलेल्या बनियनच्या दोन्ही बाजू तपासून पाहण्याचा नेमही ठेवला. एका महिन्यात मला दोन्ही बाजूंत कोणताही फरक जाणवला नाही.

फरक जाणवण्याचे कारणही नव्हते. काखेचा वास हा घामाचा वास नसतो. ताजा घाम जवळजवळ गंधहीन असतो. वयात आल्यानंतर काखेतील विशिष्ट ग्रंथी प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ असलेला दाटसर स्राव सोडू लागतात आणि त्वचेवर राहणारे जिवाणू त्या स्रावाचे विघटन करतात, तेव्हा तो आंबूस, तिखट दर्प तयार होतो. तुरटी पाण्यात विरघळली की आम्लधर्मी द्रावण होते आणि त्याचा पातळ थर त्वचेवर वाळला की या जिवाणूंची वाढ मंदावते. हे काम तुरटीच्या क्षाराचे आहे. खडा कोणत्या नळीत बसवला आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

विकतच्या खड्याच्या वेष्टनावर ‘अ‍ॅल्युमिनियममुक्त’ असे ठळक अक्षरांत छापले होते, याविषयी मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. आपल्याकडची पारंपरिक तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि अ‍ॅल्युमिनियम यांचे संयुक्त सल्फेट. ज्या वस्तूच्या घडणीतच अ‍ॅल्युमिनियम आहे, तिला अ‍ॅल्युमिनियममुक्त म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे निराळे क्षार असतात, ते घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी जमून त्यांना तात्पुरते बुजवतात आणि तुरटी तसे करत नाही, एवढे खरे सांगितले असते तरी पुरेसे होते. ते सांगितले तर साडेतीनशे रुपयांचे समर्थन करणे अवघड जाईल, हेही तितकेच खरे.

वापरण्याची पद्धत साधी आहे, तरी तिच्यात चुका होतात आणि त्या मी केल्या. वाण्याच्या खड्याला धारदार कोपरे असतात. पहिल्याच दिवशी तो तसाच फिरवल्यामुळे काखेत बारीक ओरखडा उठला आणि त्यावर तुरटी लागताच चांगलीच आग झाली. त्यानंतर मी तो खडा वाहत्या पाण्याखाली धरून तळहातावर पाच-सात मिनिटे गोल फिरवला. कोपरे विरघळून तो नदीतल्या गोट्यासारखा झाला. आता आंघोळ झाल्यावर काख टॉवेलने टिपून घ्यायची, खडा ओला करायचा, प्रत्येक बाजूला आठ-दहा वेळा हलक्या हाताने फिरवायचा आणि हात किंचित दूर ठेवून एखादा मिनिट वाळू द्यायचे. पांढरा थर राहत नाही, कपड्याला काही लागत नाही आणि सदऱ्यांवर नवे पिवळे डागही पडलेले नाहीत. खडा साबणदाणीतील पाण्यात ठेवला तर मात्र तो भराभर झिजतो. माझ्या पहिल्या खड्याचा चौथा हिस्सा असाच वाया गेला. आता तो एका कोरड्या चिनीमातीच्या वाटीत उताणा असतो.

तुरटी लावण्याआधी केसांचा प्रश्न सोडवावा लागतो, कारण दाट केसांत खडा त्वचेपर्यंत पोहोचतच नाही आणि स्राव केसांना चिकटून राहतो. पुरुषांनी काख पूर्ण तुळतुळीत करावी असे माझे मत नाही. काखेतील केस एकाच दिशेने वाढत नाहीत; वरच्या भागात ते वर, खालच्या भागात खाली आणि मध्ये भोवऱ्यासारखे फिरलेले असतात, म्हणून वस्तरा फिरवला की कुठेतरी उलट जातोच आणि चार दिवसांनी केस त्वचेतच वळून बारीक पुळ्या येतात. केस काढण्याचे क्रीम केसातील केराटिन विरघळवते आणि काखेच्या नाजूक त्वचेलाही ते सोसत नाही. मी ते एकदा वापरले आणि दोन दिवस हात अंगाशी टेकवता आला नाही. या सगळ्यांपेक्षा ३ मिलिमीटरच्या गार्डचा साधा ट्रिमर उत्तम. दर दहा-बारा दिवसांनी, आंघोळीपूर्वी, कोरड्या केसांवर, दुसऱ्या हाताने त्वचा ताणून तो फिरवावा. दाढीचा ट्रिमर काखेला वापरू नये. निदान पाते तरी वेगळे ठेवावे आणि प्रत्येक वेळी ब्रशने झाडून स्पिरिटने पुसावे. सलूनमध्ये हे काम करून घेणाऱ्यांनी पाते आपल्यासमोर पुसायला सांगण्यात संकोच बाळगू नये.

तुरटी कुठे अपुरी पडते तेही नोंदवले पाहिजे. ती घाम थांबवत नाही. मे महिन्यात दुपारपर्यंत माझ्या सदऱ्याची काख ओली झालेली असायचीच. वास नव्हता, पण ओलसरपणा होता. ज्यांना घामाच्या डागाची लाज वाटते किंवा ज्यांना खरोखर अतिघामाचा त्रास आहे, त्यांना तुरटीने समाधान मिळणार नाही. त्यांनी घाम रोखणारे रोल-ऑन रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेला लावावे. त्या वेळी घाम कमी असल्यामुळे औषध छिद्रांशी नीट बसते. सकाळी आंघोळीनंतर घाईघाईने लावणे ही सर्वसाधारण चूक आहे. शिवाय तुरटी आधीच तयार झालेला वास घालवत नाही. संध्याकाळी लग्नाला जायचे असेल, तर काख साबणाने धुऊन मगच खडा फिरवावा.

तुरटीऐवजी खाण्याचा सोडा किंवा लिंबू चोळण्याचा सल्ला अनेक जण देतात. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोडा अल्कधर्मी. त्याने काही दिवस वास जातो, पण त्वचा लाल होऊन सोलवटते. लिंबाची आग तर लगेच कळते. दोन्ही टाळावेत.

काखेतील प्रत्येक बदल तुरटीवर सोपवू नये, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. काख आणि मान काळपट, जाडसर, मखमलीसारखी दिसू लागली, तर तो मळ नसतो. घासून तो जात नाही. शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असू शकते आणि रक्तातील साखर तपासून घेणे योग्य ठरते. गोल कडा असलेला खाजरा चट्टा बहुधा गजकर्णाचा असतो. त्यावर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे स्टेरॉइडमिश्रित मलम लावले की खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी मात्र पसरत जाते. माझ्या एका सहकाऱ्याने अशा मलमापायी आठ महिने घालवले. काखमांजरी वारंवार होत असेल, फुटून पुन्हा भरत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. असे काहीही झालेले असताना तुरटी आणि ट्रिमर दोन्ही बंद ठेवावेत.

विकतचा घासलेला खडा मी पुन्हा घेणार नाही. प्रवासात नळीचे झाकण सोयीचे पडते, एवढाच त्याचा फायदा; पण जुलैमध्ये तो हातातून फरशीवर पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले, त्यानंतर नळीचाही उपयोग उरला नाही. वाण्याकडून खडा घेताना चुरा किंवा पांढरट, पिठूळ तुकडे घेऊ नयेत. उजेडासमोर धरल्यावर खडीसाखरेसारखा अर्धपारदर्शक दिसणारा, भेग नसलेला, मुठीत सहज मावणारा तुकडा मागून घ्यावा. माझा असा एक खडा साबणदाणीतल्या नासाडीसह सहा महिने पुरला असून अजून सुपारीएवढा शिल्लक आहे.