व्हॅलोरंट पस्तिशीत सुरू केलं: हात मंद, पण हिशेब पक्का

आधीच सांगते, व्हॅलोरंट या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळाचा हा अनुभव इमॉर्टल-रेडियंटवाल्यांसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या रँकच्या खेळाडूंसाठी, नाही. ज्यांनी फोनवर फार तर बीजीएमआय खेळलंय, माउसने नेम धरायचा कसा हे माहीत नाही आणि घरातलं कुणीतरी "ये ना ताई, पाचवा माणूस कमी पडतोय" म्हणून मागे लागलंय, त्यांच्यासाठी लिहितेय. मलाही माझ्या मामेभावानेच ओढलं. पावसाळ्यात सुरू केलं, आता उन्हाळा लागलाय, आणि सिल्व्हर या खालून तिसऱ्या रँकमध्ये माझं बरं चाललंय. दिवसभर लोकांची जीएसटी रिटर्न भरते, रात्री पोरं झोपली की हेडफोन चढवते.

खेळ थोडक्यात असा. पाच विरुद्ध पाच. एक टीम हल्ला करते, दुसरी राखते. हल्लेखोरांनी स्पाइक नावाचा बॉम्ब ठरलेल्या जागी (साइटवर) लावायचा, तो ४५ सेकंदांत फुटतो. राखणाऱ्यांनी तो निकामी करायचा. बारा राउंडनंतर बाजू बदलतात, आधी १३ राउंड जिंकेल त्याची मॅच. राउंडमध्ये मेलात की पुढच्या राउंडपर्यंत नुसतं बघत बसायचं. बीजीएमआयवरून येणाऱ्यांना हे बसणंच जड जातं. राइट गेम्सने हा खेळ जून २०२० मध्ये आणला, तो फुकट आहे आणि मुंबईत सर्व्हर आहे. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडून खेळतानाही पिंगची, म्हणजे सिग्नल उशिरा पोचण्याची, फारशी रड नसते.

सुरुवातीचं ट्यूटोरियल बंदूक कशी चालवायची ते दाखवतं. पण नवीन माणूस ज्यामुळे मरतो, ते त्यात जवळजवळ नाहीच. तो मरतो पळता पळता गोळ्या झाडतो म्हणून. इथे हलत असताना मारलेली गोळी कुठेही जाते. समोरचा दिसला की बोटं आपोआप बाजूला पळायचं बटण दाबतात, आणि क्रॉसहेअर, म्हणजे पडद्यावरची नेमाची खूण, अगदी डोक्यावर असूनही गोळी भिंतीत. आधी बटण सोडायचं, क्षणभर थांबायचं, मग मारायचं. हे कळायला एक मिनिट लागतं, हाताला वळण लागायला आठवडे जातात. भावाने मला सरावाच्या रेंजमध्ये नुसतं तेवढंच करायला लावलं: डावीकडे सरक, थांब, एक गोळी, उजवीकडे सरक, थांब, एक गोळी. बॉटची डोकी उडवण्याचा स्कोअर बघूच नको म्हणाला. कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते माझ्या नेमात जी काही सुधारणा झाली ती यानेच.

दुसरं म्हणजे क्रॉसहेअर जमिनीकडे ठेवून चालायची खोड. व्हँडल या बंदुकीची डोक्यातली गोळी कितीही लांबून लागो, १६० नुकसान करते. पूर्ण जीव १०० आणि जड शील्डचे ५०, म्हणजे १५० असलेला माणूस एका गोळीत खलास. तीच गोळी छातीवर लागली तर ४०, म्हणजे चार गोळ्या. चालतानाच क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर ठेवलं तर कोपऱ्यावर माणूस दिसल्यावर माउस जवळजवळ हलवावाच लागत नाही. ज्यांचे हात वेगवान नाहीत त्यांनी वेगाची गरजच कमी करायची, हा यातला खरा मार्ग.

माउसची संवेदनशीलताही याच कारणासाठी खाली आणा. माउसचं स्वतःचं डीपीआय, म्हणजे वेगाचं सेटिंग, आठशे असेल तर गेममध्ये ०.३ ते ०.४ च्या आसपास ठेवून बघा. सुरुवातीला माउस ओढायला अख्खं टेबल लागतंय असं वाटेल. वाटू दे.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. पैसा.

प्रत्येक राउंडआधी क्रेडिटमधून बंदूक, शील्ड आणि काही क्षमता, म्हणजे धूर किंवा भिंतीसारख्या खास करामती, विकत घ्याव्या लागतात. पहिल्या राउंडला सगळ्यांकडे ८००. जिंकलात तर ३०००, हरलात तर १९००, ओळीने दुसऱ्यांदा हरलात तर २४००, तिसऱ्यांदा २९००. प्रत्येक बळीचे २०० वेगळे. चांगली बंदूक, म्हणजे व्हँडल किंवा फँटम, २९०० ची आणि जड शील्ड १००० चं. म्हणजे पूर्ण तयारीला ३९०० लागतात.

समजा पहिल्या राउंडात ८०० उडवले आणि हरलात. हातात १९००. इथे नवीन खेळाडू हमखास १६०० ची स्पेक्टर बंदूक घेतो, कारण नुसती पिस्तूल घेऊन जायला लाज वाटते. दुसराही राउंड हरला की शिल्लक ३०० अधिक २४००, म्हणजे २७००. तिसऱ्या राउंडात व्हँडलसुद्धा येत नाही. उलट दुसऱ्या राउंडात गप्प बसून काहीच घेतलं नाही, तर १९०० अधिक २४०० म्हणजे ४३००: व्हँडल, जड शील्ड आणि वर चारशे क्षमतांना. एवढं साधं गणित. पण ते पाचही जणांनी एकाच राउंडात करायला हवं. तिघांनी वाचवायचं आणि दोघांनी उडवायचं, यासारखा तोट्याचा धंदा नाही. खरेदीच्या पडद्यावर पुढच्या राउंडात कमीत कमी किती मिळतील तो आकडा लिहिलेला असतो. माझ्या बघण्यात निम्मे लोक तो वाचतच नाहीत.

दोन बारीक गोष्टी. हरलेल्या राउंडात लपून जीव वाचवलात तर बंदूक राहते, पण बऱ्याचदा हरल्याचा पूर्ण भत्ता न मिळता फक्त १००० मिळतात. तेव्हा साधं पिस्तूल वाचवण्यासाठी लपणं म्हणजे घाट्याचा सौदा. आणि क्रेडिटची मर्यादा ९०००, बाजू बदलताना सगळं शून्यावर येऊन पुन्हा ८००. बाराव्या राउंडला कंजुषी करणाऱ्या लोकांना मी मनातल्या मनात मार्च एंडिंग समजावते.

हा हिशेब मोठ्याने सांगायला लागल्यापासून टीमला मी हवीशी झाले. बळींच्या यादीत तळाला असते, पण "या राउंडला सेव्ह, पुढच्याला सगळे फुल बाय" हे वेळेवर सांगणारं कुणीतरी लागतंच.

एजंट, म्हणजे आपण ज्याला घेऊन खेळतो ते पात्र, निवडताना नवीन लोक जेटकडे धावतात, कारण ती उडते, सुळकन निसटते आणि व्हिडिओंत भारी दिसते. तिच्या नादी लागू नका. सुरुवातीला मोकळे मिळतात त्यात सेज आणि ब्रिमस्टोन आहेत. सेज सोबत्यांची जखम भरते, भिंत उभी करते, आणि अल्टिमेट, म्हणजे तिची सगळ्यात मोठी क्षमता, भरली की मेलेल्याला उठवते. नेम चुकला तरी तुमचा उपयोग संपत नाही. ब्रिमस्टोन नकाशा उघडून बोट ठेवेल तिथे धूर सोडतो, त्यामुळे मागे उभं राहूनही काम होतं. फक्त धूर कुठे टाकायचा ते प्रत्येक नकाशात आधी बघून ठेवा. आपल्याच माणसांच्या तोंडावर धूर सोडला की जे ऐकावं लागतं ते इथे लिहिण्यासारखं नसतं. सोव्हाही मोकळाच मिळतो, पण त्याचे बाण भिंतीवर आपटवून नेमक्या जागी पोचवायला अभ्यास लागतो, तो नंतर.

नकाशे पाठ करायला बसू नका. तुम्ही उभे असता त्या जागेचं नाव पडद्यावर, छोट्या नकाशाजवळ, कायम लिहिलेलं असतं. असेंट या नकाशात मार्केट, बाइंडला हुका, हेवनला गॅरेज. दिसेल ते वाचून मोठ्याने सांगायचं: "दोन मार्केट". बस्स. "इकडे आहे, इकडे, अरे इकडे!" याने कुणाचंच भलं होत नाही.

आणि कान. पळण्याचा आवाज बऱ्याच लांबून ऐकू येतो, शिफ्ट दाबून चाललं तर येत नाही. चांगला हेडफोन महागड्या माउसपेक्षा आधी घ्या, आणि सेटिंगमध्ये एचआरटीएफ चालू करा. आवाज कुठल्या दिशेने येतोय ते जास्त स्पष्ट कळतं. एक राउंड सांगते म्हणजे लक्षात येईल. असेंटवर बी साइट, स्पाइक लागलेला, आमच्यात मी एकटी सेज जिवंत, समोर दोघं. मेनच्या, म्हणजे साइटकडे येणाऱ्या मुख्य वाटेच्या, तोंडाशी मी सेजचा चाल मंदावणारा स्लो ऑर्ब टाकला. त्यावर पाय पडला की बर्फ तुडवल्यासारखं करकरतं. चौघं मेलेले माझाच पडदा बघत एकदम बोलत होते, तेवढ्यात आवाजावरून बारावीतला वाटणारा एक मुलगा म्हणाला, "सब चुप, दीदी को सुनने दो." शांत झाले. करकर ऐकू आली, वळून मारला, एक गेला. मग स्पाइकवर हात लावून लगेच सोडला. निकामी करायला सात सेकंद लागतात, आणि सुरू केल्याचा आवाज दुसऱ्यालाही जातो. तो मार्केटमधून धावत बाहेर आला, मी आधीच तिकडे क्रॉसहेअर धरून उभी. पिस्तुलाने मारला. स्पाइकची टिकटिक वेगाने वाढत होती. निम्मं काम झालं की ते वाया जात नाही, पण तेवढीही सवड नव्हती, एकदम सगळं केलं. यात नेमाचा भाग किती होता ते तुम्हीच ठरवा.

असेच चांगले लोक भेटतील, या भ्रमात मात्र राहू नका. मुंबई सर्व्हरवर हिंदी-इंग्रजीची खिचडी चालते, अधूनमधून तमीळ, मल्याळम, बंगाली, आणि बाईचा आवाज ऐकला की काहींच्या अंगात येतं. स्वयंपाकघरात जाण्याचे सल्ले, गाणी, त्याहून घाण बोलणं. मी वाद घालत नाही. आवाज आणि लिखाण वेगवेगळं म्यूट करता येतं, ते पहिल्याच शिवीला करते आणि मॅच संपल्यावर रिपोर्ट. नको असलेल्या शब्दांची यादीही सेटिंगमध्ये घालता येते. बोलायचंच नसेल तर पिंग, म्हणजे खूण, करून जागा दाखवता येते, सिल्व्हरपर्यंत तेवढ्यावर निभावतं. मुलींना माझा सल्ला: सुरुवातीला ओळखीचे दोघं-तिघं सोबत असतील तेव्हाच खेळा. सुदैवाने उलटंही घडतं. एकदा माझं हिंदी ऐकून साताऱ्याच्या एकाने विचारलं, "ताई, तुम्ही मराठी का?" तेव्हापासून तो आणि त्याची बायको आमच्या कायमच्या पाचांत आहेत.

मशीनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हा खेळ हलका आहे; जुन्या अंगभूत ग्राफिक्सवरही कमी सेटिंगला चालतो. विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही कॉम्प्युटरची सुरक्षा सेटिंगं चालू लागतात, नाहीतर सुरूच होत नाही. व्हॅनगार्ड नावाचा चोरपकड्या प्रोग्राम कॉम्प्युटर सुरू होतानाच चालू होतो आणि विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो. त्यामुळे फसवेगिरीला आळा बसतो हे मान्य, तरी अशिलांची कागदपत्रं असलेल्या लॅपटॉपवर मी तो घेतला नाही. भावाचा जुना डेस्कटॉप खास यासाठी आणला. तुमचं बँकेचं काम त्याच मशीनवर चालत असेल तर निदान विचार करा. इंटरनेट वायरने जोडा. आमच्या गल्लीतल्या केबलवाल्याचं वायफाय नेमकं अकराव्या राउंडला दम तोडतं. मॅच अर्धवट सोडली की पुढच्या मॅचसाठी थांबवून ठेवतात, आणि कारण वीज गेली हे गेमला कळत नाही.

वेळेचंही बघा. पूर्ण मॅच सहज पाऊण तास खाते. गॅसवर काही असेल, पोर उठण्याची शक्यता असेल, तर स्विफ्टप्ले खेळा. त्यात आधी पाच राउंड जिंकेल तो विजयी, पंधरा-वीस मिनिटांत मोकळे. खरं तर नवीन माणसाने पहिले काही आठवडे तेच खेळावं.

लोटस हा नकाशा लागला तर जरा आजूबाजूला बघा. तो पश्चिम घाटात कल्पिलेला आहे. प्राचीन अवशेष, गर्द हिरवाई, आणि फिरणारे दगडी दरवाजे, जे उघडताना इतका आवाज करतात की कोण कुठून येतंय ते सगळ्या नकाशाला कळतं. सह्याद्रीतल्या लेण्यांत फिरलेल्या माणसाला तो घरचा वाटेलच असं नाही, पण मला तिथे मरायलाही आवडतं. हार्बर हा पाण्याच्या भिंती उभ्या करणारा एजंटही भारतीय आहे. तो २०२२ मध्ये आला.

खर्चाचं म्हणाल तर खेळायला एक रुपया लागत नाही. उरलेले एजंट खेळून जमवलेल्या किंगडम क्रेडिटवर उघडतात. पैसे लागतात ते बंदुकांच्या स्किनला, म्हणजे रंगरूपाला, आणि ते भरपूर लागतात. रोज चार स्किन दुकानात दाखवतात, दुसऱ्या दिवशी बदलतात. आज घेतलं नाही तर गेलं, ही धाकधूक मुद्दाम लावलेली आहे. स्किनने गोळीचं नुकसान एकानेही वाढत नाही. घरात शाळकरी मुलं खेळत असतील तर त्या खात्याला तुमचं कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नका.

रँक्ड, म्हणजे रँक ठरवणाऱ्या मॅच, खेळायला खात्याची लेव्हल २० व्हावी लागते. तिथवर घाई करू नका, आणि २० झाल्या झाल्याही उडी मारू नका. आयर्न-ब्राँझ या सगळ्यात खालच्या रँकमध्ये नवीन खातं उघडून बसलेले जुने खेळाडू भेटतात, ते एकटेच तीस-तीस बळी घेतात, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला काहीच येत नाही. मी तीन नकाशे आणि दोन एजंट नीट जमेपर्यंत रँक्डला हात लावला नाही. नंतर आयर्नमधून वर यायला फार त्रास झाला नाही. सिल्व्हरमध्ये मात्र लोक पैसे वाचवायला शिकलेले असतात, त्यामुळे माझा मुख्य फायदा तिथे संपला. सध्या रोज झोपण्याआधी एक डेथमॅच, म्हणजे प्रत्येक जण स्वतःपुरता लढतो तो प्रकार, खेळते आणि थांबून गोळी मारते.